वरच्या थरातले

कुरुंद्याच्या धनगरवाड्यात नामाजीला दगडवाला म्हणत. जवानीत तो भूगर्भ खात्याच्या एका साहेबाबरोबर हिमालयात तंबू ठोकत हिंडला होता. तिथं कडा फोडला की समुद्रातले किडे निघत, दगड झालेले. साहेब त्यांना ट्रायलोबाइट म्हणे. खालच्या, जुन्या थरातले तो ओळीनं मांडी. पिल्लाच्या पाठीवर थोड्याच वळ्या; कात टाकत वाढलं की वळ्या वाढत. वरच्या थरातले मात्र वयात येऊनही पिल्लाच्याच वळ्यांवर थांबलेले. "लहानपणीचंच अंग ठेवून थोर झाले, नामाजी. वंशही चालला," साहेब म्हणाला होता.

हे बोलणं नामाजीनं जपून ठेवलं. पुढं त्याची लेक रूपा विशी ओलांडून गेली, तरी उंचीनं त्याच्या कमरेवर आली नाही. तिची आई अनुसयाबाई सोयरीक नकोच म्हणे.

"काहून नको? मेंढीचं वय उंचीवर ठरवतं का कुणी? दात बघतेत."

आणि त्यानं पाहुण्यांसमोर रूपाचं तोंड उघडून दाखवलं. दाढा पुऱ्या होत्या.

"मेंढरं राखून तुमच्या डोस्क्यात बी लोकर भरली," अनुसयाबाई म्हणाली. लग्न झालं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रूपा बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू होऊन रात्र गेली, दिवस कलला, सुटका होईना. सुईण पारुबाई बाहेर आली.

"हाडातून वाट न्हाई. डोकं अडकलंय."

"हिंगोलीच्या दवाखान्यात नेऊ," नामाजी म्हणाला.

"वाटेवर रझाकार हायेत. आन् गाडीत ही टिकायची न्हाई. अडलेल्या मेंढ्या तुमीच सोडवता न्हवं?"

"बापानं बाळंतिणीच्या खोलीत कसं जावं?"

"दात बापानंच दाखवले न्हवं?" अनुसयाबाई म्हणाली. "चला."

त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, तेल लावलं. बापाला पाहून रूपानं लाजेनं डोळे मिटून घेतले. त्याचे हात काम करत राहिले आणि तेव्हा त्याला साहेबाचं आणखी एक बोलणं आठवलं. हे किडे अंडी घालत; हाडातून वाट काढणं त्यांच्या वाट्याला नव्हतं. तेही साहेबानं सांगितलं होतं, अगदी सहज, जेवताना.

लेकरू निघालं. पारुबाईनं पाठीवर थोपटल्यावर रडलं. रूपाचा श्वास त्याआधीच थांबला होता.

"घ्या," पारुबाई म्हणाली, "चांगलं थोराड हाय."

नामाजीनं हात मागं घेतले.