दगडी दारासमोरचा उखाणा

आयुष्यात मी एकाच परीक्षेत नापास झाले, आणि तेही निवृत्त झाल्यावर. नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभी हयात घालवली. मग मुलीच्या ओढीने लंडनच्या कडेला, हॅरोला राहायला आलो, नवरा कामावर जायचा, घर खायला उठायचं, म्हणून लंडनमधल्या एका लहानशा म्युझियममध्ये फुकटची गाइड व्हायचं ठरवलं. तिथे प्राचीन इजिप्तचं एकच दालन आहे, पण त्या एका दालनात जीव टाकावा अशा वस्तू आहेत. शाळेत असताना इतिहासाच्या पुस्तकातल्या पिरॅमिडला मी निळी शाई फासली होती आणि त्याबद्दल बाईंचा मार खाल्ला होता. तेव्हापासूनचं हे प्रेम आहे.

गाइड होण्यासाठी आधी पुष्कळ वाचन, मग तालीम, आणि शेवटी खरी माणसं घेऊन एक छोटी टूर करून दाखवायची. मागून परीक्षकबाई चालणार. मी तयारी दांडगी केली होती. राजघराण्यांचा क्रम, देवांची नाती, ममी करण्याची पद्धत, सगळं मुखोद्गत. टूर संपेपर्यंत माझ्याबरोबरची निम्मी माणसं कॅफेत गेली होती. परीक्षकबाई उंच, शिडशिडीत, पूर्वी कुठेतरी मुख्याध्यापिका होत्या. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला सगळं माहीत आहे. अडचण एवढीच की तुम्ही ते सगळं सांगितलंत." आणखी एक संधी मिळेल, तिसरी नाही, हेही त्यांनी त्याच गोड आवाजात सांगितलं.

घरी आल्यावर मुलीसमोर तणतणले, तर ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मी, तुझा टूर लॅब रिपोर्टसारखी वाटते. पीपल वॉन्ट टू फील समथिंग, यू नो." मला राग आला. खरं बोललेलं ऐकलं की मला हमखास राग येतो. तिचं व्याकरण काढून मी तो राग तिच्यावर काढला, पण रात्रभर तेच वाक्य डोक्यात राहिलं. या वयात मला पुन्हा नापास व्हायचं नव्हतं. पास झालेल्या गाइडला मिळतो तो बिल्ला मला हवा होता, लहान मुलाला फुगा हवा असतो तसा.

दुसऱ्या परीक्षेला श्रोते आपले आपण आणायचे होते. मी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांना विचारलं. दर बुधवारी ते हॅरोच्या एका हॉलमध्ये जमतात, खुर्चीत बसून योगासनं करतात, मग भजन आणि मग ज्यासाठी खरं जमतात तो चहा. सहल म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर. मंडळाचे एक काका आहेत, ज्यांना प्रत्येक गोष्टीत शंका असते. त्यांनी विचारलं, "म्हणजे आपण इजिप्तला न जाता इजिप्त बघायचा?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "बरंय. उन्हाचा त्रास नाही."

सासूबाईही येणार होत्या. त्या आमच्याकडेच राहतात. ऐंशी पार केली आहे, गुडघे बदललेत, जीभ मात्र मूळचीच आहे. एके काळी त्यांचे उखाणे वेम्बलीपासून वॉटफर्डपर्यंत प्रसिद्ध होते. कुठलंही डोहाळजेवण असो, कुठलंही हळदीकुंकू असो, बायका म्हणायच्या, "तुम्ही शेवटी घ्या, तुमच्यानंतर कुणाचं रंगत नाही." एरवी त्या सासऱ्यांचं नाव कधीच घेत नसत. केमिस्टकडे त्यांची औषधं आणायला गेलो आणि काउंटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं, की त्या मला कोपराने ढोसायच्या. "सांग की तू." मग मी सांगायची. साठ वर्षांच्या संसारात ते नाव त्यांच्या तोंडून फक्त उखाण्यातच यायचं.

सासरे गेले आणि उखाणा बंद झाला. मंडळात त्यांना कुणी मुद्दाम डावललं असं नाही. आमच्या बायका तशा नाहीत. पण गेलेल्या नवऱ्याचं नाव घ्यायला कुणी कुणाला सांगत नाही, इतकंच. त्या मागच्या रांगेत बसायच्या, टाळ्या वाजवायच्या, तिळगूळ घेऊन यायच्या. मीही कधी त्यांना म्हटलं नव्हतं.

तर ठरलेल्या दिवशी आम्ही मेट्रोपॉलिटन लाइनने निघालो. डबे होते, स्वेटर होते, कुणाची तरी काठी ट्रेनमध्ये राहता राहता राहिली. म्युझियमच्या दारात परीक्षकबाई उभ्याच होत्या. मी टूर इंग्रजीत करणार होते, कारण त्यांना कळायला हवं. मंडळींना तसं बजावलं होतं. "आम्हाला इंग्रजी येतं हो," काका म्हणाले. "चाळीस वर्षं टॅक्स भरतोय आम्ही त्यात."

सुरुवात बरी झाली. ग्रॅनाइटचा मोडक्या नाकाचा राजा सगळ्यांना आवडला. मग मी त्यांना लाकडी शवपेटीकडे नेलं. तिच्या पलीकडच्या बाजूला दोन डोळे रंगवले आहेत, आतल्या माणसाला उगवता सूर्य दिसावा म्हणून. ती माझी हुकमी जागा होती. मंडळींकडे पाठ करून, बोलत बोलत, पेटी डाव्या हाताला ठेवून मी पलीकडे पोचले, डोळ्यांकडे बोट दाखवलं आणि वळले, तर मागे फक्त परीक्षकबाई.

मंडळी दुसऱ्या बाजूने येत होती. पेटी उजवीकडे ठेवून, हळूहळू, दोघी-तिघींचे तर हातही जोडलेले. प्रदक्षिणा. मधोमध काहीतरी जुनं, पवित्र, लोकांनी वेढलेलं दिसलं की या माणसांचे पाय आपोआप त्या दिशेने वळतात, गाइड गेली खड्ड्यात. त्यात काकांना शंका आली. "अहो थांबा, हा गेलेला माणूस आहे. याला उलटी फेरी घालतात." ते गर्रकन मागे फिरले, त्यांच्याबरोबर चार जण फिरले, बाकीचे पुढे येत राहिले, आणि दोन्ही दिंड्या नेमक्या त्या डोळ्यांसमोर एकमेकींवर आदळल्या. मधे परीक्षकबाई. "सॉरी हं, सॉरी," म्हणत कुणीतरी त्यांना खांद्याला धरून बाजूला उभं केलं.

मला ब्रह्मांड आठवलं. परीक्षकबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मी घाईघाईने शवपेटी उरकली, देव उरकले, आणि माझा आवाज मलाच लॅब रिपोर्टसारखा ऐकू येऊ लागला. दोघी जणी बाकावर टेकल्या. एकीने पर्समधून आवळासुपारी काढली. मला कळलं की मी पुन्हा नापास होते आहे, तेही माझ्याच माणसांसमोर.

शेवटची वस्तू होती खोटं दार. एका थडग्यातली अखंड शिळा, दारासारखी कोरलेली, चौकटीत चौकट, पण उघडत नाही. राजाच्या धान्यकोठाराच्या कारभाऱ्याचं थडगं ते. समोर नैवेद्याचा दगड. घरच्यांनी तिथे भाकरी आणि पाणी ठेवायचं, आणि गेलेला माणूस दारातून येऊन जेवून जायचा. दारावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनंती कोरली आहे: बाबांनो, हातात काही नसेल तरी चालेल, नुसतं माझं नाव घ्या, माझ्यासाठी भाकरी म्हणा, तुमच्या तोंडातला वाराच काय तो खर्च होईल. नाव घेतलं जातं तोवर माणूस मेलेला नाही, अशी त्या लोकांची श्रद्धा होती.

माझ्या कागदावर यापुढे शिळेची उंची, काळ आणि उत्खननाचा इतिहास होता. मी कागद घडी करून खिशात घातला. का ते आजही सांगता येणार नाही. नापासच व्हायचं आहे तर मनासारखं बोलून होऊ, असं काहीतरी वाटलं असेल. मी आधी त्या कारभाऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं. मग इंग्रजीत म्हणाले, "चार हजारांहून जास्त वर्षं हा इथे उभा राहून एवढंच मागतोय. आता त्याचं झालं. तुमच्यापैकी कुणाला आपल्या माणसाचं नाव घ्यायचंय?"

आवळासुपारी चघळणंही थांबलं. मी सासूबाईंकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

घडीच्या स्टुलाचा आवाज आला. म्युझियमवाल्यांनी त्यांना बसायला दिलं होतं ते स्टूल. सासूबाई उठल्या, काठी माझ्या हातात दिली, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्या दगडाकडे असं पाहिलं, जसं उशिरा घरी आलेल्या माणसाकडे बघतात. मग आमच्याकडे वळल्या. आवाज थोडा चिरकला, पण अडखळला नाही.

"दगडाच्या दाराला ना कडी ना कुलूप,
—रावांचं नाव घेते, आठवण येते खूप."

नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांनी घ्यायचं आहे.

मंडळाच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, म्युझियममध्ये वाजवतात तशा नाही, हळदीकुंकवात वाजवतात तशा, दणदणीत. दालनाचा राखणदार धावत आला. मी रडत होते आणि रडत रडतच परीक्षकबाईंना इंग्रजीत सांगत होते, की हे दार बंद नाही असं त्या म्हणतायत, आणि आमच्यात बायको नवऱ्याचं नाव अशा कवितेतच घेते, आणि यांनी ते नवरा गेल्यापासून घेतलं नव्हतं.

मग काका पुढे आले. त्यांना उखाणा येत नव्हता. त्यांनी बायकोचं नाव नुसतंच घेतलं, हजेरी घ्यावी तसं, आणि रुमाल काढून चष्मा पुसत बसले. मग एकीने तिच्या थोरल्या बहिणीचं घेतलं. एकीने आईचं. बाबागाडी घेऊन आलेली एक परकी तरुणी थांबली होती. तिने हळूच विचारलं, मी घेतलं तर चालेल का? तिने कुणाचं घेतलं ते मला कळलं नाही, पण तिच्यासाठीही टाळ्या पडल्या. राखणदार मुकाट्याने भिंतीला टेकून उभा राहिला होता. एकही माणूस कॅफेत गेला नाही.

शेवटी परीक्षकबाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, वेळ कधीच संपून गेला आहे, शवपेटीपाशी तुमचा ताबा पार सुटला होता, आणि शिळेची उंची तुम्ही सांगितलीच नाहीत. मी म्हटलं, हो. "पुढच्या वेळीही सांगू नका," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. पितळेचा बिल्ला त्यांच्या खिशातच होता. तो त्यांनी माझ्या कार्डिगनला स्वतः लावला. मी आनंदाने वेडी झाले, हे लपवायचं कशाला? ट्रेनमध्ये डबे उघडले गेले आणि मी हॅरो येईपर्यंत प्रत्येकाला बिल्ला दाखवला. काकांनी तो हातात घेऊन खरा आहे का ते पाहिलं.

आता दर शनिवारी माझी टूर असते. शवपेटीभोवती लोकांना मी पेटी उजवीकडे ठेवूनच नेते, वाद नको. आणि दारापाशी थांबून विचारते. कधी कुणीच बोलत नाही, कधी सगळी रांग बोलते.

जानेवारीत मंडळाचं हळदीकुंकू होतं, वेम्बलीच्या हॉलमध्ये. नव्या सुनांचे उखाणे झाले, हशा झाला, आणि तिळगुळाचं ताट नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत गेलं. मी सासूबाईंकडे बघितलं आणि उभी राहिले. भर हॉलमध्ये, मोठ्याने विचारलं, "आई, नाव घेता?"

सासूबाईंनी तिळगूळ तोंडात टाकला, निवांत चावून खाल्ला आणि काठीवर रेलून उठल्या.

"घेते की," त्या म्हणाल्या. "पण एकावर भागणार नाही हं. बरेच साठलेत."