फळ्यावरचा कॉलरा

"ऊठ. वाक्य म्हण," सर म्हणाले.

नववीचा वर्ग. इंग्रजीचा तास. फळ्यावर लिहिलं होतं, 'स्प्रेड लाइक वाइल्डफायर'. वणव्यासारखं पसरणं. साथीचा रोग पसरला की इंग्रजीत हेच म्हणतात, असं सरांनी सांगितलं. मग विचारलं, "सध्या साथ कुठंय?" मागच्या बाकावरनं पोरं ओरडली, "बौद्धवस्तीत!" सर हसले. खडूनं वाक्य पुरं केलं. 'कॉलरा स्प्रेड लाइक वाइल्डफायर इन द बौद्धवस्ती.'

"राहणीच तशी, मग दुसरं काय होणार," म्हणाले.

एकेकानं उठून ते म्हटलं. मग मी.

आमचं गाव केडगावच्या जवळ. वस्तीत तेव्हा घरटी एक माणूस आडवं होतं. जुलाब, उलट्या. माझ्या आत्याला त्याच सकाळी जीपमधनं दौंडला दवाखान्यात नेलं होतं. डोळे खोल गेलेले, बोलायला जीभ उचलत नव्हती. आमची पाण्याची लाइन गटारातनं आलेली, महिनाभर फुटलेली. वडील दोनदा पंचायतीत सांगून आले होते. वरच्या आळीची लाइन वेगळी. हे सगळं मला ठाऊक होतं. इंग्रजीत सांगता येत नव्हतं. मराठीत सांगायचा धीर नव्हता.

मी वाक्य म्हटलं. एक शब्द चुकला नाही.

"उच्चार चांगलाय तुझा," सर म्हणाले.

आन् मला बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं. त्याची लाज अजून गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या गेली. आई खुरपायला जायची, मला वाढवलं ते आत्यानंच. साथीचं प्रेत म्हणून जीपवाला परत यायला तयार होईना. वडिलांनी लोकांच्या पाया पडून एक टेम्पो मिळवला. मागं तिच्याजवळ मी बसले.

आठ दिवसांनी शाळेत गेले. उजळणी चालू होती. सरांनी मलाच उठवलं.

"तुझं छान होतं. म्हण."

मी वही मिटली.

"विसरलीस?"

"न्हाई सर. पाठ हाय. म्हणणार न्हाई."

"का?"

"माझी आत्या मेली त्यात."

सर वहीत बघत म्हणाले, "नुसतं वाक्य आहे ते. बाहेर हो."

मी बाहेर झाले. वस्तीतल्या दोघी जणी वर्गात होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी तरी आठ दिवसांपूर्वी कुठं केली होती?

वडिलांना बोलावणं गेलं. सर खुर्चीत, वडील उभे, हात जोडलेले. "पोर हाय सायब, चुकली." घरी आल्यावर मला म्हणाले, "माफी माग बाय. परीक्षा तोंडावर हाय."

मी मागितली नाही. पण त्यांचे जोडलेले हात मला सोडवताही आले नाहीत.

सोमवारी शाळेत न जाता पंचायतीत गेले. अर्ज मी लिहिला होता, मराठीत. लाइन कुठं फुटलीय, वस्तीतलं कोण कोण मेलं. पहिलं नाव आत्याचं.

ग्रामसेवकानं वाचलाही नाही. "ठेव तिथं."

"पोच द्या."

"कसली पोच? घरी जा."

मी दारातच बसले. लोक मला ओलांडून आतबाहेर करत राहिले. शिक्का मारलेला कागद हातात आल्याशिवाय उठायचं नाही, हे मी ठरवलं होतं. आज नाही दिला तर उद्या येईन. उद्या नाही दिला तर रोज.