गाद्यांच्या गोदामातला भूसुरुंग

माझी मुलगी गाद्या-सोफ्यांच्या कारखान्यात कव्हरं शिवते. टाका सरळ, पण हात सतत काहीतरी बडवत असतो. लहानपणी तिने माझा एकही डबा धड ठेवला नाही. गेल्या वर्षी तिने ड्रम घेतले आणि हार्ड रॉक बँड उभा राहिला. गिटारला चष्म्याच्या दुकानातला कारागीर, गायला माझा भाचा. नाव ‘भूसुरुंग’.

सरावासाठी तिच्या मालकांनी, कारखान्यात सगळे त्यांना काका म्हणतात, कामानंतर गोदाम दिलं. चारी बाजूंना छतापर्यंत फोमच्या गाद्या. आवाज निघाला रे निघाला की गादीत गडप. म्हणून तिघं आणखी जोर लावायचे. मी एकदा डबा द्यायला गेले, तर भाचा शिरा ताणून ओरडत होता आणि मला वाटलं, घसा बसलाय बिचाऱ्याचा.

त्यांचं एक गाणं फोनवरून बरंच फिरलं. एका कॉलेजने कार्यक्रमाला बोलावलं. त्याच दिवशी मुलगी म्हणाली, “आई, मी काकांना राजीनामा दिला. महिनाअखेरपासून फक्त ड्रम.”

“काय म्हणाले?”

“चष्मा दुरुस्तीला टाकलाय, आला की वाचतो म्हणाले.”

एवढी चांगली नोकरी. कार्यक्रम पडावा असं मला मनापासून वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

कॉलेजचं सभागृह उंच, भिंती उघड्या, वर पत्रे. पहिला ठोका मागच्या भिंतीवर आपटून परत आला. मुलगी त्या परत आलेल्या ठोक्याला धरून वाजवू लागली, गिटारवाला मूळच्या, आणि भाचा जो मोठा वाटेल त्याच्या मागे. मी पर्समधून कापूस काढला. शेजारच्या बाईंनी न विचारता अर्धा घेतला. दुसऱ्या गाण्याला शिपायाने मेन स्विच बंद केला. टाळ्या पडल्या, त्या त्याला.

माझ्या मनासारखं झालं होतं. पण ड्रममागे बसलेली ती एवढीशी दिसली की मलाच रडू आलं.

बसमध्ये ती म्हणाली, “मी एकदा मारत होते, ऐकू तीनदा येत होतं. गोदामात आम्ही चांगले होतो गं.”

“होतात,” मी म्हणाले. कानातला कापूस अजून तसाच होता.

सोमवारी काकांनी तिच्यापुढे तिच्याच राजीनाम्याचं पाकीट धरलं. “तूच वाचून दाखव बाई. त्या तुझ्या गिटारवाल्याने सहा आठवडे चष्मा अडकवून ठेवलाय. विचारलं की म्हणतो, सराव चालू आहे.”

मुलीने कागद उघडला. पंधरा ओळी होत्या.

“पांढरा दोरा संपलाय,” ती म्हणाली.

“त्यासाठी एवढा मोठा कागद?”

“काळाही संपलाय.”

दोन्ही दोरे संध्याकाळपर्यंत आले. चष्मा बुधवारी मिळाला. गिटारवाल्याला आता वेळच वेळ होता.