कॉम्प्युटरवाले चाचा

कॉम्प्युटर कितीही बिघडलेला न्या, चाचा लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नसत. काय झालंय, हेही विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "आत काय हाय?" कुणी सांगायचं दुकानाची बिलं, कुणी पोरीचा प्रोजेक्ट. "ते न्हाई. गेलं तर रडू येईल, असं काय हाय?"

तळेगाव दाभाड्यात स्टेशनच्या अलीकडे त्यांचं दुकान. बोलणं अस्सल मावळी. नवं गिऱ्हाईक त्यांची दाढी बघून हिंदीत सुरू झालं, की चाचा म्हणायचे, "मराठीत बोला राव, कॉम्प्युटरलाबी कळतं."

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. यंत्रांची निगा या विषयावर मी घरात इतकी व्याख्यानं दिली आहेत, की आमचा मिक्सरसुद्धा मला वचकून असतो. त्यामुळे नवी, वेगवान एसएसडी डिस्क बसवलेला कॉम्प्युटर वर्षभरात रखडायला लागला, साधा फोटो उघडायला मिनिट घ्यायला लागला, तेव्हा चूक माझी नसणार याची मला खात्री होती.

"साफसफाई काय करता हिची?" चाचांनी विचारलं.

"दर रविवारी डीफ्रॅग," मी अभिमानाने म्हणालो. "सगळ्या फायली उचलून पुन्हा नीट रचतो. एक रविवार चुकवलेला नाही."

चाचांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "आवं, ते जुन्या फिरत्या डिस्कला. हिच्यात फिरतंय काय? उगं लिहून पुसून, लिहून पुसून झिजवलीत बिचारीला. वर गच्च भरलीय. जागाच न्हाई, तर हिनं हलायचं कसं?"

मग नेहमीचा प्रश्न. मी म्हणालो, "अण्णांचा आवाज." वडील शेवटच्या वर्षी आपली हकीकत सांगत. ती मी मोबाइलवर रेकॉर्ड करून या डिस्कवर टाकली होती. दुसरी प्रत नव्हती.

चाचांचा चेहरा उतरला. "आधी कॉपी, मंग दुरुस्ती," एवढंच म्हणाले. कॉपीला दोन दिवस लागले. डिस्क मध्येच दिसेनाशी व्हायची. चाचा तिला निवू द्यायचे, पुन्हा जोडायचे. प्रत्येक फाइल शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय ती वाचली असं ते मानत नव्हते. सगळ्या वाचल्या. नवी डिस्क बसवून देताना म्हणाले, "हिला थोडी रिकामी ठेवा. आन् रविवारी हात लावू नका. त्यापरीस अण्णांना ऐका."

पुढे बाजारात, स्टेशनवर, भेटतील तिथे विचारायचे, "ऐकलं का?"

"या रविवारी नक्की, चाचा."

"बरं बरं," म्हणून ते पुढे जायचे. अशी तीन वर्षं गेली.

गेल्या महिन्यात चाचा गेले. दफनविधीहून घरी आलो आणि कपडेही न बदलता पहिली फाइल लावली. ती क्षणात उघडली. अण्णा खोकले. "चालू झालं का रे?" त्यांनी विचारलं. मग माझाच आवाज आला, "झालं, बोला पटकन. शिफ्टला जायचंय मला." अण्णा घाईघाईने, शब्द गाळत सांगायला लागले. थोड्या वेळाने पुन्हा मीच, "अण्णा, हे मागे सांगितलंत."

चाचांनी हे सगळं शेवटपर्यंत ऐकलं होतं. तीन वर्षांत त्यावरून मला एका शब्दाने बोलले नव्हते.