लाइन नसताना फिरलेला ड्रम

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळतात. पण भाद्रपदातली ती दमट दुपार मनात जशीच्या तशी थांबलेली आहे. त्यातल्या कुणाचंही नाव मी इथे सांगणार नाही.

मी तेव्हा वाशिम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. जऊळक्याच्या बाजूला, पिवळ्या पडत चाललेल्या सोयाबीनच्या मधोमध, दाणेदार खताचा एक लहान कारखाना होता. तिथला दाणे थंड करायचा ड्रम रस्त्यावरूनही दिसे. माणूस उभा मावेल एवढं लोखंडी नळकांडं, आडवं, जरासं उतरतं, रोलरवर सावकाश फिरत राहणारं. खताचे गरम दाणे त्यात एका तोंडाने येत, आतल्या पात्यांवर चढत, वरून सरीसारखे पडत आणि पंख्याच्या हवेत निवत दुसऱ्या तोंडाने बाहेर जात. गरम दाणे तसेच पोत्यात भरले तर पोत्याचा दगड होतो, म्हणून हा खटाटोप. ड्रमची ती संथ घरघर ऐकत शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माणसं डुलक्या घेत. एकदा गस्तीवर असताना मीही जीप थांबवून उगाच ऐकत बसलो होतो.

दमट दिवसांत ड्रमच्या आत खताचा थर जमतो. तो फोडायला माणसाला छिन्नी-हातोडा घेऊन आत जावं लागतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ड्रम बंद केला आणि तिशीतला एक मजूर आत गेला. थोड्या वेळाने ड्रम अचानक फिरला आणि थराची मोठी खपली त्याच्या अंगावर कोसळली. वाशिमच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो गेला होता. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, प्रेताचा पंचनामा केला, घटनास्थळ पाहिलं. मी ठाण्यात परतलो तेव्हा बाकावर एक माणूस माझी वाट पाहत होता. खताच्या धुळीने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तो ड्रमचा ऑपरेटर होता.

"साहेब, मले अटक करा," तो म्हणाला. "म्या माह्या जवायाले मारलं."

मेलेला मजूर त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

"मुद्दाम मारलंस?"

"नाई साहेब. झोपीत."

ठाणे अंमलदाराने लिहिता लिहिता मान वर केली. मी ऑपरेटरला पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. सलग दुसरी पाळी चालू होती. पॅनेलच्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून तो पडला आणि त्याचा डोळा लागला. "सपन पडलं, का सुट्टी सरली, दाणे निवून राह्यले, अन् म्या हिरवं बटन दाबलं. तितक्यात जवाई वरडला. डोळे उघडले त माहा हात पॅनलवर होता, साहेब."

सुपरवायझरचा जबाबही तसाच होता. ओरडणं ऐकून आपण धावत आलो, तेव्हा याचा हात बटनापाशी होता, असं त्याने सांगितलं. बाकीचे मजूर मागच्या गोदामात जेवत होते. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. पण कबुली हातात आली की तपास करणाऱ्याचं मन सैल पडतं, हे मात्र कुणी शिकवत नाही. माझंही मन सैल पडलं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा ऑपरेटरवर दाखल करायचा, असं मी जवळजवळ ठरवून टाकलं.

मेलेल्याची बायको मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर राहायची. दरसाल हे जोडपं ऊसतोडीला जायचं. 'आता फिरू नका, कारखान्यात सावलीचं काम आहे,' असं सांगून या भावानेच त्यांना थांबवून घेतलं होतं. दवाखान्याच्या आवारात तो बहिणीच्या पायांवर पडला. तिने पाय मागे घेतले. रडली नाही, शिवीही दिली नाही. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणंच सोडलं.

चार-पाच दिवसांनी सकाळच्या हजेरीनंतर माझा बीट हवालदार हसत आत आला.

"साहेब, गावात अलगच चालू हाये. लोकं म्हणून राह्यले का ड्रम भुतानं फिरवला."

"काहून?"

"चक्कीवर एक बाई होती, ते म्हणते का त्या टायमाले लाइनच नव्हती. बिना लाइनचा ड्रम कोण फिरवन, भूतच ना!"

मीही हसलो. मग हातातला चहा तसाच ठेवून उठलो.

पिठाची चक्की कारखान्याच्या समोरच होती. ती बाई साठीच्या पुढची, बोलायला निर्भीड. त्या दुपारी ती ज्वारी घेऊन आली आणि लाइन गेली, म्हणून दळणाच्या डब्याला टेकून तिथेच बसून राहिली. "पाखरूही वरडून नाई राह्यलं, साहेब. सारं गाव जसं काही पाण्याखाली बुडालं. मलेही झोप येऊन राह्यली होती. अन् मंग तो ड्रम कन्हला."

"मोटर चालल्यासारखा आवाज आला?"

"मोटर नाई बाप्पा. मोटरचा आवाज मले काय माईत नाई? नुसतं लोखंड कन्हलं. एक डाव. जसं कोणी झोपीत कूस बदलते. मंग माणूस वरडला."

लाइन येणं-जाणं आमच्याकडे कुणी ध्यानात ठेवत नाही. ऑपरेटर झोपेत होता, उठल्यावर त्याला जवायाशिवाय काही दिसलं नाही, आणि जखमीला गाडीत घालण्याच्या धांदलीत लाइन परत आली. मी तडक वीज उपकेंद्र गाठलं. तिथल्या रजिस्टरमध्ये त्या भागाचा पुरवठा घटनेच्या आधी बंद झाल्याची आणि नंतर सुरू झाल्याची वेळ स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती. कारखान्यात जनरेटर नव्हता. म्हणजे झोपेत असो की जागेपणी, त्या बटनाने त्या वेळी ड्रम फिरणं शक्यच नव्हतं.

मग तो फिरला कसा? मी वाशिमच्या एका जुन्या फिटरला सोबत घेतलं. त्याने ड्रमभोवती एक चक्कर मारली आणि मोटर ज्या कपलिंगने गिअरला जोडलेली असते तिथे बोट ठेवलं. सगळ्या यंत्रावर धुळीची साय होती. फक्त कपलिंगचे बोल्ट पुसलेले होते, त्यांना ताजं ग्रीस होतं. ते नुकतंच कुणीतरी खोललंय, असं तो म्हणाला आणि त्याचा अर्थ त्याने मला समजावून सांगितला.

दुसऱ्या दिवशी पंच बोलावले, सुपरवायझरलाही उभं केलं आणि फिटरला कपलिंग खोलायला सांगितलं. ते खोलून होताच मी टॉर्च घेतला आणि आत थर कसा आहे ते पाहण्याच्या बहाण्याने ड्रमच्या तोंडातून आत पाऊल टाकलं. आत एक वेगळंच जग होतं. दूरच्या टोकाला उजेडाचा गोल, त्यात तरंगणारी राखाडी धूळ, आणि माझाच श्वास कुणा दुसऱ्याचा वाटावा असा घुमणारा. क्षणभर मी कशासाठी आलो तेही विसरलो. दुसरं पाऊल उचललं, तोच बाहेरून किंकाळीसारखा आवाज आला.

"साहेब, बाहेर या! आधी गुटके लावू द्या! थो ड्रम वळते!"

सुपरवायझर होता तो. मी बाहेर आलो. त्याचा चेहरा घामाने निथळत होता.

"कपलिंग खोललं की ड्रम मोकळा होतो, आणि रोलरशी लाकडी गुटके लावल्याशिवाय आत जायचं नसतं. हे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

तो तिथेच खाली बसला. मग अर्धा तास तो बोलत होता आणि आमचा रायटर लिहीत होता. कपलिंगचं रबर झिजलं होतं. ड्रम बंदच आहे तर तेही बदलून घेऊ, म्हणून त्याने ते खोललं. आत माणूस होता. गुटके आणायचा त्याने आळस केला. आतल्या माणसाने तळाचा थर फोडून काढला, एका बाजूचा थर तसाच राहिला, वजन तिकडे गेलं आणि मोकळा ड्रम आपसूक वळला. ओरडणं ऐकून हा पॅनेलच्या खोलीत धावला. ऑपरेटर नुकता डोळे उघडत होता.

"तुमी त्याले काय म्हणले?" हवालदाराने विचारलं.

"म्हणलं, अबे, तू बटन दाबलं," तो म्हणाला. "माह्या तोंडून निंगून गेलं. अन् त्यानं खरंच मानलं, साहेब."

लोक जखमीला घेऊन गेल्यावर त्याने कपलिंग पुन्हा बसवून टाकलं होतं. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. सुरक्षेची साधनं न ठेवल्याबद्दल मालकालाही आरोपी केलं. पुढे न्यायालयात जे व्हायचं ते झालं.

मला घाई होती ती ऑपरेटरची. त्याला ठाण्यात बोलावून रजिस्टरची प्रत दाखवली. तो मानायलाच तयार नव्हता. "माह्या हाताले आठवते, साहेब," असं म्हणत तो स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. मी त्याला ती वेळ तीनदा मोठ्याने वाचायला लावली. तिसऱ्यांदा वाचताना त्याने त्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि मग कुठे ते मानलं.

त्याच दिवशी मी त्याला जीपमध्ये घालून तांड्यावर नेलं. हे कामाच्या यादीत बसणारं नव्हतं. बहीण अंगणात बाजेवर बसली होती. मी उभ्या-उभ्याच तिला सगळं समजावून सांगितलं. तिने मध्ये एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे दादा निस्ता झोपलाच होता?"

"हो. झोपलाच होता."

तिने भावाकडे पाहिलं. त्याचे डोळे खोल गेले होते, गालाची हाडं वर आली होती.

"त्यानंतर कई झोपला तू?" तिने विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. झोपेत आपला हात पुन्हा काय करील, या भीतीने तो रोजची रात्र उजाडेपर्यंत बसून काढायचा, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती बाजेवरून उठली. गोधडी झटकून सारखी केली आणि म्हणाली, "पड इथं. मी हाये बसून."

तो आडवा झाला आणि बघता बघता झोपला. ती त्याच्या उशाशी जमिनीवर बसली आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आवाज न करता रडली. चालक जीप सुरू करायला निघाला, त्याला मी हाताने थांबवलं. आम्ही दोघांनी ती ढकलत रस्त्यापर्यंत नेली.

त्या प्रकरणाने माझी चौकशीची पद्धत बदलली. खोटं बोलणारा गुन्हेगार ओळखायला आम्ही शिकलेलो असतो. मनापासून खोटी कबुली देणारा निरपराध माणूस मात्र आमच्यासमोर बसलेला असतो आणि आम्ही त्याला चहा पाजून सही घेतो. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत, कुणी माझ्यापुढे गुन्हा कबूल केला की मी आधी त्याला एकच विचारत असे: "हे तूच केलंस, असं तुला पहिल्यांदा कोण म्हणालं?" पुष्कळ जण लगेच स्वतःचं नाव सांगत. काही जण मात्र आठवू लागत. ते आठवत असेपर्यंत मी रायटरला पेन खाली ठेवायला सांगत असे.