गुलाबावरचं पीठ

ऐंशीच्या सुमारास आम्ही गिरगावातली खोली सोडून वाशीला तळमजल्यावर राहायला आलो. खिडकीबाहेर हातभर रुंद जमिनीची पट्टी मिळाली आणि ह्यांना आपण मोठे बागाईतदार झालो असं वाटू लागलं. त्या पट्टीत ह्यांनी गुलाबाची इतकी रोपं कोंबली की मुंगीलाही वाट काढावी लागली असती.

दिवाळीनंतर पानांवर पांढरी पूड दिसू लागली. ह्यांनी वर पाहिलं. वरच्या वहिनी गॅलरीतून पिठाची चाळण झटकत होत्या. हे तडक जिना चढले. मीही मागोमाग गेले.

"वहिनी, तुमचं पीठ आमच्या गुलाबांवर पडतंय!"

वहिनींचं माहेर नाशिककडचं, द्राक्षबागांचं. त्या खाली आल्या, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "भावोजी, ह्याच्या भाकऱ्या नाही व्हायच्या. भुरी आहे ही. बुरशी."

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सांगितल्याप्रमाणे हे गंधकाची भुकटी घेऊन आले. मी ती जुन्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून दिली. सकाळी उन्हं चढायच्या आत नाकातोंडाला रुमाल बांधून हे रोपांवर पुरचुंडी आपटू लागले. दूधवाला दारात आला आणि हा अवतार बघून दोन पावलं मागे सरला. वहिनी गॅलरीतून हुकूम सोडत होत्या, "पानांच्या खालूनसुद्धा! आणि रोगट पानं तोडून जाळा!"

एवढं ह्यांनी ऐकलं. पण "मधली दोन रोपं उपटा, हवा खेळू द्या," म्हटल्यावर मात्र ह्यांनी पुरचुंडी खाली ठेवली.

"मुलीला सासरी पाठवायची घाई असते का कुणाला?"

"मुली आजारी पडल्यात, भावोजी."

दोन दिवस हे रुसून होते. मग एका संध्याकाळी मुळांभोवतीच्या मातीसकट दोन रोपं काढली, कुंड्यांत लावली आणि स्वतः उचलून वहिनींच्या गॅलरीत नेऊन ठेवली.

नवी पालवी स्वच्छ आली. थंडीत खाली फुलं आली, वरही आली. मग काय, हे कॉलनीभर लोकांच्या जास्वंदी आणि मोगरे तपासत हिंडू लागले. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, "मी पान बघितलं आणि लगेच ओळखलं, भुरी!"

वहिनी तिथेच चहा पीत बसल्या होत्या. मी हळूच त्यांच्याकडे पाहिलं.

"हो ना," त्या शांतपणे म्हणाल्या, "भावोजींची नजरच तशी आहे." आणि माझ्याकडे बघून त्यांनी बशीत तोंड लपवलं.