नाकानं चाखलेली वाइन

अमेरिकेत लेकाकडे सनीव्हेलला राहिले होते तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी लेक आणि सूनबाई मला गाडीत घालून डोंगरात घेऊन गेले. "आई, द्राक्षांचा मळा दाखवतो," एवढंच तो म्हणाला होता.

वर पोचलो तेव्हा धुकं उतरणीवरून निघून चाललं होतं. वेलींच्या रांगा त्यातून हळूहळू वर येत होत्या, जणू कुणी पांढरी चादर ओढून काढतंय. एका लाकडी खोलीत गार अंधार होता आणि भिंतीला लावून पिंपं ठेवलेली. तिथं तरुण नवराबायको होती. मळा त्यांनीच लावलेला, वाइन पहिल्यांदाच बाटलीत भरलेली. बाई पोटुशी होती.

तिनं फळीवर पेले मांडून घोटघोट वाइन ओतली. तेव्हा मला कळलं, आपण कुठं आलोय ते.

"मी नाही घेत," मी लेकाला हळूच म्हटलं.

"आई, दारू थोडीच आहे? वाइन आहे. एक घोट घे. नको वाटलं तर त्या बादलीत थुंक, इथं सगळे थुंकतात."

"त्यांच्याच घरात, त्यांच्या तोंडासमोर थुंकू?"

सून हसली. "आईंना कशाला आग्रह? तूच पी, ड्राइव्ह मी करते. याला प्यायची होती म्हणूनच तर यानं आणलंय आपल्याला, आई!"

दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होते. आईचा पदर धरून पंचशील म्हटलं होतं. मद्य घेणार नाही, हे त्यातलं पाचवं शील. माझ्या बापानंही तेच म्हटलं आणि घरी येऊन दारूचं मडकं उकिरड्यावर पालथं केलं. त्यानंतर आमच्या घरात संध्याकाळी कधी भांडी आपटली नाहीत. शील म्हटलं की मला त्या शांत संध्याकाळीच आठवतात. त्या मी घोटभरासाठी कशा मोडू?

पण ती पोटुशी पोर माझ्याकडेच बघत होती. तिची पहिली वाइन. पेला तसाच खाली ठेवला तर तिला वाटेल, या बाईला किळस आली. मला तर तिच्या भाषेत एक शब्द बोलता येईना. मी पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

उन्हात वाळत घातलेली बोरं. ओली फळी. मागून कुठूनतरी गूळ. पाण्यात बुडी मारल्यासारखे सगळ्यांचे आवाज लांब गेले.

डोळे उघडले तर तीही पेल्यात नाक घालून उभी! मला बघून हसली, पोटावर हात ठेवला आणि मान हलवली.

"तीही पीत नाही, बाळ येईपर्यंत," लेक म्हणाला. "बाटलीत भरल्यापासून तिनं स्वतःची वाइन चाखलेली नाही, नुसती हुंगते. विचारतेय, तुला कसला वास आला?"

"बोरांचा."

लेक बराच वेळ हातवारे करून तिला बोरं समजावत होता. तिनं पुन्हा वास घेतला आणि मान डोलावली. मग उरलेले पेले आम्ही दोघींनी तसेच संपवले, म्हणजे एकेक हुंगून खाली ठेवला.

निघताना तिनं वेलीवरचा एक घोस तोडून माझ्या ओंजळीत ठेवला. परतताना सून गाडी चालवत होती, लेक पेंगत होता. द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली, पण फार गोड. मी एकेक तोंडात टाकत होते. तिचीच वाइन ती, वाइन व्हायच्या आधीची. ती मला चालत होती.